केबिनमधली दुसरी बाटली

माझ्या बाटलीत पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा मी बिटावर संशय घेतला. आदल्या दिवशी मुलीने डब्यात बीट दिलं होतं.

बाटली कसली ते आधी सांगतो. मी बांधकामावर उंच क्रेन चालवतो. शिडी चढून एकदा केबिनमध्ये बसलं की पाळी संपेपर्यंत खाली उतरणं नाही. खाली माणसं सळया बांधून वर बघत उभी असतात. त्यांना काय सांगणार, थांबा, मी जाऊन येतो? म्हणून प्रत्येक क्रेनवाला दोन बाटल्या घेऊन चढतो. चढताना एक भरलेली आणि एक रिकामी, उतरताना त्याच्या उलट. बायको होती तेव्हा तिने पाण्याच्या बाटलीला जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवून दिली होती. "वर एकटे असता, तंद्रीत असता. भलतीच बाटली तोंडाला लावाल," असं म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची. तिला जाऊन आता दीड वर्ष होईल. खोळ धुऊन धुऊन विटली, पण आहे.

तर बीट. मुलीला म्हटलं, बीट बंद कर. तिने बंद केलं. चार दिवस लघवी स्वच्छ आली आणि मी बिटाला शिव्या देऊन मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, काहीच नव्हतं. नुसता रंग.

मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने गिऱ्हाइकांसमोरच मोठ्याने विचारलं, "उन्हाळी लागली का मामा? पाणी कमी पिता ना वर?" त्याने एक पूड दिली. ती घेतली की थांबायचं. म्हणजे मला वाटायचं की पुडीने थांबलं. चार-आठ दिवसांनी पुन्हा सुरू झालं की मला वाटायचं, यानेच पुडीत काहीतरी भेसळ केली असणार, गिऱ्हाईक टिकावं म्हणून. तरी पुढची पूड त्याच्याकडूनच आणायचो.

डॉक्टरकडे जायचं मनात आलं नाही असं नाही. पण बायको दवाखान्यात स्वतःच्या पायांनी गेली होती. जाताना मला सांगून गेली, दूध उतू जाऊ देऊ नका. तिथून ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, पोटातलं दुखणं त्यांनी अंगावर काढलं. असेलही. तिने मला कधी कळू दिलं नव्हतं. पण चालत गेलेलं माणूस मी विसरू शकत नाही. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की मी रस्ता बदलायचो.

दुसरं म्हणजे केबिन. लघवीत रक्त म्हटल्यावर मला वर कोण ठेवणार? खाली आलो की घर. घरात तिची चप्पल दाराशी आहे तशी आहे. वर केबिनमध्ये ती कधीच आली नव्हती, त्यामुळे तिथे ती नाही हे जाणवत नाही. मला ती जागा सोडायची नव्हती. बस, एवढंच.

आणि तेवढ्यात माझ्या तपासणीचा महिना आला.

आमच्याकडे ज्याचा परवाना ज्या महिन्यातला, त्याची तपासणी दर वर्षी त्या महिन्यात. कंपनीने फाटकाशेजारी एका पत्र्याच्या खोलीत दवाखाना थाटला होता. या वेळी डॉक्टरबाई नवीन होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी डोळे तपासले, दाब घेतला आणि एक प्लास्टिकची डबी हातात ठेवली. "काका, पाळी सुटली की लघवीचा नमुना भरून आणून द्या."

मी डबी खिशात टाकली आणि शिडी चढलो. आज नेमकं लाल आलं तर?

केबिनमध्ये पैलवान जागा सोडून उभाच होता. सकाळची पाळी त्याची, दुपारची माझी. नावाप्रमाणे धिप्पाड गडी, कधी शिंकलेलासुद्धा मी पाहिला नव्हता. "चला मामा, सांभाळा तुमचं राज्य," म्हणाला आणि उतरला. कोपऱ्यात त्याची दुसरी बाटली तशीच राहिली होती. आपली बाटली आपण खाली न्यायची, हा आमचा सगळ्यात जुना नियम. पण पैलवान अलीकडे दोन-दोन बाटल्या भरायचा आणि एक हमखास विसरायचा. मी त्याला रोज शिव्या घालायचो. मला संशय होता की हा काम सोडून वर बसून नुसता चहा ढोसतो.

त्या दिवशी मात्र शिवी आली नाही. बाटली अजून कोमट होती. पैलवानासारखा ठणठणीत माणूस, म्हटलं, याच्यापेक्षा चांगला नमुना कुठे मिळणार? डबी भरली आणि झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी पाळीआधी डॉक्टरबाईंनी बोलावलं.

"काका, तुमच्या लघवीत भरपूर साखर आहे. तहान फार लागते? वजन उतरलंय?"

"मला? छे! मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो."

"चहाचा काही संबंध नाही. बोट द्या."

त्यांनी बोटाला सुई टोचली, थेंब यंत्राला लावला आणि यंत्राकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"रक्तात साखर अगदी बेताची आहे. लघवीत मात्र एवढी. असं सहसा होत नाही काका. ही लघवी तुमचीच ना?"

"मग काय शेजाऱ्याची आणली?" मी आवाज चढवला.

"ठीक आहे. ही दुसरी डबी. तो समोर संडास आहे, आत्ताच भरून द्या."

"आत्ता लागली नाही."

"मी थांबते."

"माझी पाळी सुरू होतेय," म्हणालो आणि डबी खिशात घालून निघालो. बाई दारापर्यंत आल्या हे पाठीला कळलं. मला वाटलं, हिला कामावरच्या साहेबांनी सांगितलं असणार, म्हाताऱ्यांना खाली उतरवा म्हणून. आधी साखर म्हणायचं, मग आणखी काही काढायचं.

शिडीपाशी गडबड चालली होती. खालून इशारे देणारा सिग्नलवाला वर बघून ओरडत होता, "डोळे फुटले का रे तुझे? हातभर बाजूला टाकलास!" सळयांचा भारा ठरल्या जागी न बसता कडेवर आदळला होता आणि दोन मजूर उड्या मारून बाजूला झाले होते. एक जण अजून गुडघे चोळत होता.

पैलवान उतरून आला, तोंड उतरलेलं. आल्या आल्या त्याने नळाला तोंड लावलं. पीतच राहिला. त्याचा पट्टा मला दिसला. खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, आणि उरलेलं टोक लोंबत होतं.

तहान. वजन. साखर.

बाई खोटं बोलत नव्हत्या. साखर खरी होती, फक्त माणूस चुकला होता.

"पैलवान," मी म्हणालो, "फाटकावरच्या पाटीवर काय लिहिलंय रे?"

"का? तुम्हाला वाचता येत नाही?"

"चष्मा विसरलो."

त्याने डोळे बारीक केले. "धूळ बसलीय. पुसत नाहीत लेकाचे."

पाटी कालच रंगवली होती.

"ऐक. डॉक्टरबाईंकडे एकदा जाऊन ये. साखर तपासून घे. तू वाळलायस."

"मामा, सकाळची पाळी पाहिजे ना तुम्हाला? सरळ मागा की! मला आजारी कशाला पाडता?"

"माझ्या मुलीची शपथ—"

"राहू द्या. माझी तपासणी अजून चार महिन्यांनी आहे." आणि ओल्या हाताने तोंड पुसत निघून गेला.

मी वर चढलो, पण हात कामात नव्हते. उद्या सकाळी हाच इथे बसणार होता. खाली तीच माणसं असणार होती. तुला साखर आहे हे मला कसं माहीत, हे सांगितल्याशिवाय तो हलणार नव्हता. आणि ते सांगितलं तर माझा नमुना कुठे गेला, हा प्रश्न येणारच. कसंही धरलं तरी मी केबिनमधून बाहेर.

मुलीचा फोन आला. "बाबा, आवाज असा का येतोय तुमचा?"

"वारा आहे."

"वारा रोजच असतो. तुम्ही काहीतरी लपवताय. आईचा आवाजसुद्धा असाच यायचा, काही नाही गं, पित्त आहे गं म्हणायची."

मी फोन ठेवला. नंतर बराच वेळ सिग्नलवाला खालून काय सांगतोय ते दोनदा विचारावं लागत होतं. पाळी संपत आली तेव्हा खिशातली डबी काढली आणि भरली. या वेळी स्वतःची. लाल होती. चांगली लाल.

डॉक्टरबाई कुलूप लावत होत्या. मी डबी पुढे केली.

"ही माझी. कालची पैलवानाची."

त्यांनी डबी उजेडात धरली. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "हा पैलवान कोण? कुठे आहे?"

"सकाळी वर चढणार आहे. त्याला दिसत नाही नीट. आज भारा चुकला."

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला, सकाळी त्याला शिडीला हात लावू देऊ नका म्हणून. मग कुलूप काढून मला आत बसवलं.

"किती दिवस रक्त जातंय?"

"मधूनमधून. दुखत मात्र नाही काही."

"तेच वाईट. दुखलं असतं तर कधीच आला असतात. काका, लघवीत रक्त एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी दाखवायचं असतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. सिगारेट?"

"बायको होती तेव्हा लपून ओढायचो. आता उघड ओढतो. मजा राहिली नाही."

"मग सोडूनच द्या."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. सरकारी मोठ्या दवाखान्यात मूत्ररोगाचा विभाग असतो, तिथे जायचं, सोनोग्राफी करायची, लागलं तर दुर्बीण घालून बघतील. औषधवाल्याची पूड बंद.

"आणि केबिन?" मी विचारलं.

"तपासण्या होईपर्यंत नाही." जरा थांबून म्हणाल्या, "खोटा नमुना दिलात हे साहेबांना सांगावं लागेल मला."

"सांगा," म्हटलं. त्यांच्यावर संशय घ्यायला काही जागाच उरली नव्हती. मग तेही विचारून टाकलं, "चालत गेलेलं माणूस तिथून परत येतं का हो?"

"लवकर गेलेली पुष्कळशी येतात," म्हणाल्या. सगळी येतात असं म्हणाल्या असत्या तर मी गेलो नसतो.

सकाळी पैलवानाच्या बोटाला सुई टोचली. यंत्रातला आकडा बघून बाईंनी त्याला तिथून थेट दवाखान्यात पाठवला. योगायोग असा की त्याच गाडीत मीही. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता.

"मामा," शेवटी म्हणाला, "तुम्ही माझा मूत चोरलात?"

"तू ठेवून गेलास म्हणून."

"मागितला असता तर दिला असता की! चोरायची काय गरज?"

पुढे बसलेला ड्रायव्हर असा हसला की गाडी हलली. पैलवान हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, "काल कुणाला लागलं असतं तर?"

मला मूत्राशयात गाठ निघाली, लहान. दुर्बिणीतून काढली. तपासली तेव्हा ती चांगली निघाली नाही, पण वरच्यावर होती, खोल गेली नव्हती. आता ठरल्या वेळी जाऊन पुन्हा पुन्हा आत बघून घ्यावं लागतं. मुलगी बरोबर येते आणि बाहेर बसून माझ्यावर नजर ठेवते, पळून जाईन म्हणून. दवाखान्यात मी चालत गेलो होतो. चालत घरी आलो आणि दाराशी चपलेजवळ थोडा वेळ बसलो.

साहेबांनी केबिन काढून घेतली. नोकरी राहिली, ती डॉक्टरबाई मध्ये पडल्या म्हणून, असं सिग्नलवाला सांगतो. आता मी त्याच्याबरोबर खाली उभा असतो, वर इशारे देतो. वर्षाची तपासणी खालच्या माणसालाही चुकत नाही. पैलवानाची साखर गोळ्यांनी आवाक्यात आली, डोळे निवळले, आणि बाईंनी सही केल्यावर तो पुन्हा वर गेला. भारा आता बोटभरही हलत नाही.

खाली मला एकच बाटली लागते, खोळीची.

काल पैलवान पाळी संपवून शिडी उतरला. दोन्ही हात शिडीला, आणि बाटली कमरेला दोरीने दोन गाठी मारून बांधलेली.

"अरे, एवढी काय बांधतोस? सोनं आहे का?" मी विचारलं.

"तुमचा काय भरवसा मामा," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात तुमची तपासणी आहे ना?"