सरुबाईचं हसणं

मच्छिंद्र विश्रांतवाडीच्या औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा असताना त्याचा मोबाईल थरथरला. पडद्यावर हिरवा ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं, 'सरुबाई आनंदी आहेत. खुर्चीत बसवत आहे.' अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती.

बायकोला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायची वेळ अकराचीच होती, पण तोवर आपण घरी पोचू असं त्याला वाटलं होतं. तिला उचलणाऱ्या रोबोला मात्र कुणी सोबत असायची गरज नव्हती. चेहरा आणि आवाज ओळखून तो ठरवायचा. माणूस खूश दिसला तर उचलायचं, घाबरलेला दिसला तर थांबायचं, असं त्याला शिकवलेलं होतं.

सरुबाईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. मच्छिंद्र खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, मूळचा धानोरीचा. त्याने दीड वर्ष तिला उचललं आणि मग त्याच्याच कमरेतला मणका सरकला. तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बाणेरची एक कंपनी सुचवली. माणसं उचलणारा रोबो ती तीन महिने घरी वापरून बघायला देत होती. दोन धातूचे हात, त्यांच्यामध्ये रुंद पट्टा आणि वर कॅमेरा, असं ते यंत्र.

शबनम नावाची तरुण इंजिनीअर आठवडाभर घरी येऊन रोबोला सरुबाईचा चेहरा शिकवत होती. यंत्र जवळ आलं की सरुबाई हसायची. खांदे गदगदा हलेपर्यंत, धाप लागेपर्यंत हसायची. "काकूंना आवडलंय हे," असं म्हणत शबनम प्रत्येक हसण्यापुढे 'आनंदी' लिहीत गेली.

मच्छिंद्र गप्प बसला. डॉक्टरांनी त्याला कधीच सांगितलं होतं की अशा झटक्यानंतर काहींचा हसण्या-रडण्यावरचा ताबा जातो. दुखलं, भीती वाटली तरी हसूच फुटतं. एकदा सरुबाई न्हाणीघरातल्या स्टुलावरून घसरून पडली, तेव्हा आतून हसण्याचा आवाज ऐकून तो दाराबाहेरच उभा राहिला होता. त्याला सगळं माहीत होतं. पण सांगितलं तर यंत्र परत जाईल, ही त्याची धास्ती होती. सवय होईल तिला, अशी त्याने मनाची समजूत घातली. नंतरचे दोन आठवडे यंत्र तिला उचलत असताना तो तिचा हात धरून उभा राहिला, त्यामुळे काही बिघडलं नाही.

आज मात्र ठिपका हिरवाच राहिला. अकरा पाच झाले, अकरा सात झाले. खुर्चीत बसवायला दीड मिनिट पुरायचं आणि मग ठिपका विझायचा. मच्छिंद्र रांग सोडून रिक्षात बसला आणि त्याने शबनमला फोन लावला.

"मॅडम, ते बंद करा. कायतरी अडकलंय."

तिने आपल्या पडद्यावर पाहिलं. पट्ट्यावर ताण जरा जास्त होता, पण काकू हसत होत्या, म्हणून रोबो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय, असं ती म्हणाली.

"ती खूश न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "तिला दुखलं की ती हसती. मला पयल्यापासनं ठावं हाय."

 पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. यंत्र थांबवलं होतं, पण आता सरुबाई पट्ट्यात अधांतरी होती. कॅमेऱ्यात तिचा फक्त चेहरा दिसत होता. काय अडकलंय ते कळल्याशिवाय खाली घेणंही धोक्याचं होतं. शबनम यंत्रातल्या स्पीकरवरून, काका येतायत, असं तिला सांगत राहिली. ते बोलणं आणि त्यामागचं ते हसणं, दोन्ही मच्छिंद्रला फोनवर ऐकू येत होतं. आळंदी रस्त्यावर सिग्नलला रिक्षा अडकली. तो उतरला आणि कमरेवर हात दाबून पळत सुटला.

सरुबाई पलंग आणि खुर्चीच्या मध्ये कलंडून लटकत होती. लुळा उजवा हात पट्ट्याबाहेर निसटून खुर्चीच्या दांडीखाली अडकला होता. यंत्राने प्रत्येक वेळी वर ओढलं, तेव्हा खांदा ताणला गेला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

तिला जास्त खाली घेतलं असतं तर हात तिच्याच वजनाखाली चिरडला असता. मच्छिंद्रने फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला, एक गुडघा गादीवर टेकवला आणि तिच्या पाठीखाली हात घातला. कमरेतून कळ गेली. तीस वर्षं स्फोटकांजवळ काम केलेला माणूस तो. घाईचा आवाज काढायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

"बोटभर खाली," तो शबनमला म्हणाला.

पट्टा किंचित उतरला.

"थांबा. अजून बोटभर. बास."

त्याने मनगट धरून हळूच फिरवलं. ते निघेना. त्याने दंडाला आधार देऊन कोपर वाकवलं आणि हात सुटला. मग शबनमने तिला इंचाइंचाने पलंगावर उतरवलं. हसणं थांबायला आणखी दहा मिनिटं लागली.

दुपारी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, खांद्याचे स्नायू ताणले होते. संध्याकाळी शबनम आली. त्या आठवडाभरात, कुणी भीतीनेही असं हसत असेल, अशी शंका आपल्याला यायला हवी होती, असं म्हणाली. उद्या यंत्र घेऊन जाते, असंही म्हणाली. मच्छिंद्रने मान खाली घालून सरुबाईला सांगितलं की चूक ह्या मॅडमची न्हाई, माझी हाय. तुला उचलायला कुणीतरी पायजे होतं, म्हणून मी बोललो न्हाई.

सरुबाईने त्याच्याकडे बघितलं. ती हसली नाही. मग तिने डाव्या हाताने त्याच्या कमरेकडे आणि मग यंत्राकडे बोट दाखवलं आणि शबनमकडे वळून एकेक शब्द जुळवत म्हणाली, "हसू... बघू नको. मला... इचार."

शबनमने यंत्र नेलं आणि पाच आठवड्यांनी परत आणलं. आता पलंगाच्या डाव्या कडेला दोन मोठी बटणं होती, 'हो' आणि 'नको'. यंत्र आधी विचारायचं आणि उत्तराची वाट बघायचं. चेहरा बघून त्याला थांबता येत होतं, पण चेहरा बघून कामाला लागता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "काकू, उचलू का?" सरुबाईला हसू फुटलं. यंत्र जागचं हललं नाही. मच्छिंद्रचा हात बटणाकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला. तिने 'नको' दाबलं. त्या दिवशी ती पलंगावरच जेवली, आणि पुढचे दोन दिवसही. मच्छिंद्रने तिला एकदाही आग्रह केला नाही.

चौथ्या दिवशी तिने डाव्या हाताने त्याचं मनगट आपल्या लुळ्या दंडाशी ओढून घेतलं आणि ते न सोडता कोपराने 'हो' दाबलं. खुर्चीत बसेपर्यंत ती हसत होती. त्याच्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा उठल्या होत्या. तिचा श्वास शांत होईपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला.