जे धावलेच नाहीत

मी एक जुना चामडी हातमोजा आहे मित्रांनो, आणि तोही डाव्या हाताचा. बेसबॉलमध्ये चेंडू झेलायचा मी आणि फेकायचा उजव्या हाताने, त्यामुळे वाहवा सगळी त्याच्या वाट्याला. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. वेंडेल स्ट्राउडचा तो हात होताच तसा.

सेंट लुईसच्या कारखान्यात मला शिवले आणि कॅन्ससमध्ये वेंडेलने मला विकत घेतले. झोपताना तो मला तेल चोळी, पोटात चेंडू ठेवून बांधी आणि गादीखाली दाबून ठेवी.

"त्याचे लाड बघा. मला कधी विचारतोस असं?" त्याची बायको लोरीन म्हणे.

"तू एक झेल घेऊन दाखव, मग बघू."

मैदानाचे उजवे टोक राखायचे काम आमचे. पहिल्या हंगामात तिसऱ्या बेसकडे, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या थांब्याकडे, पळणाऱ्यांना वेंडेलच्या फेकीने पोहोचूच दिले नाही; चेंडू त्यांच्याआधी तिथे पोहोचे आणि ते बाद होत. दुसऱ्या हंगामात कोणी पळेचना. चेंडू माझ्यात आला की समोरच्या संघाचे प्रशिक्षक मॉट दोन्ही हात वर करून आपल्या धावणाऱ्याला ओरडत, "थांब तिथंच! स्ट्राउड आहे तो."

हंगाम सरताना आमच्याहून वरच्या दर्जाच्या संघात एक जागा रिकामी झाली. आमचे व्यवस्थापक हॅस्केल यांनी वेंडेलचे आणि डाव्या टोकाच्या पर्व्हिसचे आकडे शेजारी मांडले.

"पर्व्हिसनं फेकीवर एकोणीस बाद केलेत, तू चार. हात आखडला की काय तुझा?"

"माझ्यासमोर कोणी पळतच नाही, साहेब. त्याच्यासमोर सगळेच पळतात, मग काही सापडणारच."

"न पळलेल्यांचा रकाना नसतो, बाबा. मी काय लिहून पाठवू?"

वेंडेलला ते फार लागले. शेवटच्या सामन्यात चेंडू टप्पे खात आला, मी तो पक्का धरला, आणि त्याने मुद्दाम बोटे सैल सोडली. चेंडू निसटलेला पाहून धावणारा फसला आणि तिसऱ्या बेसकडे सुटला. वेंडेलने चेंडू उचलून, पाय न रोवताच, सगळा जीव एकवटून फेकला. धावणारा बाद झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि वेंडेल खांदा धरून खाली बसला होता.

वर पर्व्हिस गेला. वेंडेल आता रंगाच्या दुकानात आहे, वरच्या फळीवरचे डबे डाव्या हाताने काढतो. मी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर पडून असतो. तेलावाचून माझे चामडे तडकले आहे.

परवा म्हातारे मॉट रंग न्यायला आले होते. वेंडेल माझ्या शेजारीच उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीत डबे ठेवत होता, तेव्हा त्यांनी त्याला ओळखले.

"स्ट्राउड ना रे तू? तुझ्या धाकानं किती पोरं अडवून धरली मी. वरच्या संघात कसा दिसला नाहीस?"

"माझे बाद कमी भरले."

"भरणार कसे? मीच पळू देत नव्हतो ना." मॉट मान खाली घालून उभे राहिले.

मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या नुसत्या असण्याने काही घडायचे टळते, त्याला ते वेळीच सांगत जा. मॉटनी सांगितले, पण तोवर वेंडेलचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.