एकोणशंभर

सत्तावीस.

भिंगरी पाच वर्षांची. पुढ्यात बाटल्यांची शंभर झाकणं. एक झाकण सरकवायचं, एक आकडा म्हणायचा. समोर तपासनीस साहेब, मुलांच्या खुर्चीत, गुडघे कानाशी. एक तरी मूल शंभरपर्यंत बिनचूक गेलं पाहिजे, नाहीतर बाईंचं कंत्राट आज संपलं. पाच मुलं वाटेत गळाली, त्यातलं एक अकरालाच रडलं. उरली ही.

एकोणतीस.

इथे ती महिनाभर ‘नऊवीस’ म्हणायची. मग बाईंनी सांगितलं, “एकोण म्हणजे एक कमी. तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस.” पोरगी गपगुमान शिकली. तिला कारण लागतं. आजारच आहे तो.

त्रेपन्न.

साहेबांना जांभई. पाठोपाठ सगळ्या वर्गाला.

अठ्ठ्याण्णव.

बाईंनी श्वास रोखला.

एकोणशंभर.

“चूक,” साहेब म्हणाले. “नव्याण्णव.”

“का?”

“का म्हणजे? असंच असतं.”

“एकोणऐंशी असतं. एकोणनव्वद असतं. शंभरानं काय घोडं मारलंय?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पंख्याकडे.

“हे तुम्ही शिकवलंत?”

“एकोण मी शिकवलं. घोडं तिचं तिनं आणलं.”

साहेबांनी फॉर्म मांडीवर घेतला. *चूक कुठे झाली, अंकी:* ९९. *अक्षरी:* इथे पेन जरा अडखळलं, मग झरझर चाललं.

वर्षभर पोरांच्या समोर बसून वह्या तपासलेल्या, त्यामुळे बाईंना उलटं वाचता येतं.

“साहेब, तेवढं अक्षरी बघता का?”

साहेबांनी बघितलं. एकोणशंभर. स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, शाईनं.

फॉर्मच्या तळाशी बारीक छपाई होती: *खाडाखोड आढळल्यास तपासणी रद्द व तपासनीस जबाबदार.*

“दुसरा फॉर्म असेल ना?” बाईंनी फार काळजीनं विचारलं.

“एकच देतात.”

साहेबांनी मान खाजवली. खुर्ची करकरली. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं: *दोन्ही रूपे चालतात. मोजणी बिनचूक. मुदतवाढ द्यावी.*

भिंगरीनं शेवटचं झाकण सरकवलं.

शंभर.

“साहेब, पुढे अजून कुठे गडबड आहे?”

“आहे गं,” बाई म्हणाल्या. “पण आधी साहेबांना जाऊ दे.”