डबीत रुंदावलेली प्लेट

मित्रांनो, मी एक जुनी प्लेट आहे. जेवणाची नव्हे, दातांची. गुलाबी अंग, दोन्ही कडांना तारा आणि मधोमध एक बारीक स्क्रू. सध्या माझा मुक्काम कपाटातल्या डबीत असतो.

मला घडवलं ते एका चिमुरडीसाठी. घरी तिला सगळे चिमणी म्हणत. तिचा वरचा जबडा अरुंद होता. दातांवर दात टेकवले की खालचा जबडा एका बाजूला सरकायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाळूचा साचा घेऊन मला बनवलं आणि तिच्या आईला सांगितलं, "हाड अजून कोवळं आहे, आत्ताच ऐकेल. जेवताना सोडून कायम प्लेट तोंडात हवी. आणि दर रविवारी किल्लीने हा स्क्रू फिरवा, म्हणजे प्लेट थोडी थोडी रुंद होईल आणि जबड्यालाही रुंद करेल."

सुरुवातीला माझे फार लाड झाले. पण माझ्यामुळे चिमणी बोबडं बोलू लागली, शाळेत मुलं हसली, आणि ती रडत घरी आली. आईचं काळीज पाघळलं. "राहू दे गं आजचा दिवस," म्हणत तिने मला काढून ठेवलं. त्यात आत्याने तेल ओतलं, "दुधाचेच दात ना, वहिनी? पडतील आणि नवे येतील सरळ!" जणू दातांबरोबर जबडाही नवा येतो! मग तो 'आजचा दिवस' रोजच उजाडू लागला.

रविवार मात्र आईने कधी चुकवला नाही. डबी उघडायची, किल्ली फिरवायची, डबी बंद. झालं कर्तव्य! मी रुंदावत गेले आणि चिमणीचा जबडा होता तिथेच राहिला. असला नेम काय चाटायचा आहे?

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात आईने मला तिच्या तोंडात कोंबलं. मी बसेनाच. लेकरू कळवळलं.

"प्लेटच चुकीची केलीत तुम्ही!" आई डॉक्टरीणबाईंवर उखडली आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आता चिमणी कॉलेजात जाते. तिची हनुवटी एका अंगाला झुकली आहे. फोटो काढताना ती मान वळवून उभी राहते. परवा नव्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड पक्कं झालं, आता ऑपरेशनच करावं लागेल. घरी येऊन तिने कपाट उपसलं आणि मला आईसमोर धरलं.

"आई, रागावून का नाही घातलीस मला ही?"

"तू रडायचीस गं."

"मग रडू द्यायचंस ना."

आईने मला पदराने पुसलं आणि पुन्हा डबीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या तोंडात माझी एखादी बहीण असेल तर ती टोचेल, चारचौघांत बोबडं बोलायला लावेल. तरी तिला तोंडातच राहू द्या. डबीत पडून मी कोणाचंच भलं करू शकले नाही.