चौदा पुरी होईस्तोवर

आमच्या वाडीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली. हसू नका. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा, आणि बाप म्हणायचा, पेरणीच्या आसपासचा असंल. झाला एक जून. माझा नवरा एक जूनचा, सासरे एक जूनचे, दीर-जाऊ एक जूनचे. पण माझ्या राजनंदिनीचा एक जून कुठल्या गुरुजींनी न्हाई लिहिला. तो मी लिहिला. मी अंगणवाडीची सेविका, सगळ्या वाडीच्या पोरांच्या जन्माचं रजिस्टर माझ्याकडं. बारा वर्षांत त्यात एक तारीख चुकली न्हाई, आणि मुद्दाम चुकवल्या त्या दोन, त्यातली एक पोटच्या पोरीची.

पोरगी झाली पौषात, माझ्या माहेरी, पानशेतच्या आत. जन्माचा दाखला काढायचा तो राहूनच गेला. ती साडेचार वर्षांची असताना आमच्या वाडीची शाळा बंद व्हायची बोंब उठली. पट आठवर आलेला. दहा तरी पोरं दाखवा, न्हाईतर सगळी मार्गासनीच्या शाळेत पाठवा, असं वरनं आलं म्हणे. माझे सासरे सावळाराम आबा शाळा समितीचे अध्यक्ष. आबा म्हणाले, सूनबाई, तुमच्या रजिस्टरवरनं दोन दाखले द्या, दोन पोरं सहाची करा, शाळा वाचंल. एक शेजारच्या गेनबांचा नातू आणि एक आमची. मी दिले. शाळेसाठीच तर देतोय, असं मनाला समजावलं.

वाचली की शाळा. तीन वर्षं वाचली. मग पट परत घसरला आणि कुलूप लागलं ते लागलंच, आता तिच्या पडवीत आबांच्या शेळ्या बसतात. पोरीच्या अंगावर चढवलेलं दीड वर्ष मात्र उतरलं न्हाई.

शाळा बंद झाल्यावर ती मार्गासनीला चालत जायला लागली. चालत कसली, पळत. दप्तर पाठीवर आदळतंय, एका वेणीची रिबीन सुटलीय, आणि ही उतारावरनं सुसाट. मी अंगणवाडीच्या दारातनं ओरडायची, अगं बया, पडशील. ती मागं वळून हात करायची, दात काढायची आणि आणखी जोरात पळायची. तिला कुणी पळ म्हणलं न्हवतं तेव्हाची गोष्ट आहे ही.

आमच्या मालकांचं नाव मानसिंग. घेतलं मी नाव, ज्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. मालक पोलीस भरतीला गेले होते ऐन तरुणपणी. सोळाशे मीटरला चार सेकंदानं हुकले. लग्नाला पंधरा वर्षं झाली, ती चार सेकंदं आमच्याच घरात राहतात. भाकरी थापताना ऐकायची, कुणी पाहुणा आला की परत ऐकायची. जत्रेत पळायची शर्यत असते आमच्याकडं. त्यात नऊ वर्षांची पोरगी मोठ्या पोरींना मागं टाकून स्टीलचा डबा घेऊन आली, आणि त्या दिवशी मालकांनी मोबाईलवर घड्याळ लावलं. ते काही बंद झालं न्हाई.

दोन वर्षांमागं तिला भोरला उपेंद्र सरांच्या अकॅडमीत घातली, चौदाच्या आतल्या पोरींच्या गटात. एका हॉलच्या वर दोन खोल्या, त्यात अकरा पोरी, सतरंज्या टाकून झोपायच्या. सर माणूस वाईट न्हाई. पोरींना स्वतःच्या हातानं अंडी सोलून द्यायचे. पण एकदा गडी मैदानात उभा राहिला की त्याला पुढं फक्त घड्याळ दिसतं. पहाटं साडेचारला उठवायचे, आंबाडखिंडीच्या घाटात चढावर पळवायचे, संध्याकाळी परत मैदान. आठवड्याचे सत्तर किलोमीटर. आमची एसटी वेल्ह्यापासनं भोरपर्यंत तेवढी धावत न्हाई आणि माझी पोरगी धावत होती.

पहिलं वर्ष मेडलांत गेलं. वेल्ह्याच्या बाजारात फ्लेक्स लागला, पोरगी मधोमध आणि खाली आबांचा, मालकांचा, सरपंचांचा फोटो. “वेल्ह्याची वाघीण” लिहिलेलं. मी पण त्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेतला, खोटं कशाला बोलू. चार बायका राजनंदिनीची आई म्हणून ओळखायला लागल्या. कुणाला आवडत न्हाई?

या दिवाळीला ती चार दिवसांसाठी घरी आली. आल्या आल्या झोपली ती दुसऱ्या दिवशी जेवायला उठली. करंजी पुढं केली तर म्हणाली, नको, वजन वाढंल. अकरा वर्षांची पोर. मी तिला अंगणवाडीत नेली आणि गरोदर बायांच्या वजनकाट्यावर उभी केली. सव्वीस किलो. मागच्या दिवाळीला अठ्ठावीस होती. दुसऱ्याची पोर अशी आढळली असती तर मी तिच्या आईला फाडून खाल्ली असती. आमच्याकडं अशा आयांना देतात तसा सल्ला मी मलाच देत घरी आले.

येताना बघितलं, ती लंगडत होती. विचारलं तर म्हणाली, नडगी दुखते, सगळ्याच पोरींची दुखते, सर म्हणतात वाढीचं दुखणं आहे. उतार आला तेव्हा मी म्हणलं, पळ की गं, पूर्वी पळायचीस तशी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. ती एकेक पाय मोजून टाकत उतरली.

भाऊबीजेच्या पहाटं जाग आली तर ती पायरीवर बसलेली. मांडीवर बूट. कुणी उठवलं न्हवतं, सुट्टी होती, तरी साडेचारला उठून बसलेली. रडत होती, आवाज न करता. मी जवळ घेतली. तिनं विचारलं, “आई, चौदा पुरी झाली की हा गट संपतो ना? मग मी घरी येऊ?”

मी हिशेब केला. कागदावर तिला येत्या एक जूनला चौदा पुरी होणार होती. खरी तर ती अजून बारासुद्धा न्हवती, पण तिला हे ठाऊक न्हवतं. आमच्यात केकबिक न्हाई, जूनमध्ये वह्या घ्यायच्या तेव्हा शिरा करायचा, तोच वाढदिवस. माझ्या मनात आलं, लिहिलेली तारीख एकदा तरी पोरीच्या कामाला येऊ दे. मी म्हणलं, “व्हय बाळा. जूनला चौदा पुरी झाली की मी स्वतः तुला घ्यायला येते. तुझ्या पप्पांशी मी भांडते. तोवर कळ काढ.”

ती बोटावर महिने मोजायला लागली. मोजून झाल्यावर तिनं बूट घातले आणि पळायला गेली.

पण माझ्या जिवाला घोर लागला. पुढच्या आठवड्यात मी एसटीनं भोरला गेले, सरांना खरं सांगून टाकायचं म्हणून. वाटेत चार वेळा वाक्य घोकलं. सर मैदानावर होते. मी पाय दुखतोय म्हणून सुरुवात केली, तर त्यांनी मला ऑफिसात नेऊन भिंतीवरचा तक्ता दाखवला. वय इतकं, तर किलोमीटर इतके. “ताई, मी अंदाधुंद पळवत नाही,” ते म्हणाले. “वय बघूनच पळवतो. तेराची मुलगी एवढं सहज पेलते.” मी तक्त्यात अकराची ओळ बघितली. तेराच्या निम्म्यालाही न्हवती.

बोलायचं होतं ते तिथंच. पण खोट्या दाखल्यावर सही माझी. सुपरवायझर मॅडमना कळलं तर नोकरी जाईल, आबांचं नाव जाईल, पोरीवर वयचोर म्हणून शिक्का बसंल. पेपरात सारखं येतंच की, अमक्या खेळाडूनं वय चोरलं म्हणून. आपल्या पोरीची चोरी उलट्या बाजूची, वय वाढवलेलं, हे कुणाला समजावणार? आणि खरं सांगू का, मनात तो जून पण होता. आता बोलले तर जून जातोय. मी चहा पिले आणि परत आले. मार्गासनीला उतरेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या, एवढंच केलं.

डिसेंबरात भोरलाच जिल्ह्याची शर्यत होती, तीन किलोमीटर. यात पहिल्या चारांत आली तर पुढं राज्याला, आणि तिथनं सरकारी क्रीडा वसतिगृह. मालकांनी दोन दिवस रजा टाकली, आबा फेटा बांधून आले. पोरगी सुरुवातीच्या रेघेवर उभी होती तेव्हाच तिचा उजवा पाय टेकत न्हवता. मी सरांकडं धावले. सर म्हणाले, गरम झाला की सुटंल. मालक म्हणाले, तू जरा मागं सरक.

शेवटच्या फेरीला ती सातवी होती. मालक दोरीच्या बाजूनं तिच्यासंगती पळत, मोबाईल हातात धरून सेकंदं ओरडत होते. ती चौथी आली. रेघ ओलांडली, दोन पावलं गेली आणि बसकण मारली. ओरडली न्हाई. पाय हातात धरून बसली आणि तिथंच ओकली. मालक तिच्याकडं न जाता आधी टेबलावर नंबर लिहिला का बघायला गेले. ते मी आयुष्यभर विसरणार न्हाई.

तिथनं गाडी करून हाडांच्या डॉक्टरकडं. डॉक्टर नीरजा, माझ्याहून लहान असतील. एक्सरे काचेवर लावला आणि नडगीवर बोट ठेवून म्हणाल्या, केसाएवढी चीर आहे, आणि आजची नाही. दीडेक महिन्याची असेल. म्हणजे दिवाळीची. मी वजन केलं तेव्हा ती मोडक्या हाडावर उभी होती.

त्या मालकांना म्हणाल्या, सहा आठवडे प्लास्टर, मग हळूहळू सुरू करता येईल. मालकांनी लगेच विचारलं, राज्याची शर्यत फेब्रुवारीअखेर आहे, जमंल का? डॉक्टर परत एक्सरेकडं बघायला लागल्या. मग विचारलं, “हिचं वय नक्की किती? हाडांची वाढ मला तेराची वाटत नाही.”

“तेरा,” पोरगी पटकन म्हणाली. “जूनला चौदा पुरी.” पढवलेल्या पोपटासारखी. पढवली मीच होती.

मालकांना पोरगी कितवीत आहे ते ठाऊक, सेकंदं ठाऊक, जन्म विचारला की ते माझ्याकडं बघायचे. तेव्हाही बघितलं. दारात उपेंद्र सर उभे. आणि मला वाटलं, आत्ता बोलले तर ही बाई लेखी देईल, पळणं बंद म्हणून. डॉक्टरच्या सहीपुढं नवरा काय करणार आहे? नोकरी गेली तर गेली.

“अकरा,” मी म्हणलं. “पौषात बारा पुरी होईल. कागद खोटा आहे. मी केलाय.”

डॉक्टर मला जे बोलल्या ते मी ऐकून घेतलं, एकेक शब्द माझ्या लायकीचा होता. मालकांना आणि सरांना त्याहून जास्त बोलल्या. तेराच्या मुलीलाही हे फार होतं म्हणाल्या, अकराच्या मुलीचं तुम्ही हाड खाल्लंत. आणि लिहून दिलं, सहा महिने धावणं बंद. सहा महिने. मी ते वाचून मनात बोटं मोजली, डिसेंबर ते जून. सुटली माझी पोर, असं वाटलं. मी तिच्याशेजारी बाकावर बसले.

सर आणि मालक बाहेर जाऊन बोलत होते. खिडकी उघडी होती, त्यामुळं आम्हा दोघींना सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं सर पायाबद्दल बोलत असतील. सुरुवातीला बोलले पण, आवाज पडला होता त्यांचा, मला कुणी आधी सांगायला हवं होतं म्हणाले. मग सर म्हणाले, “मानसिंगराव, पण म्हणजे अकराव्या वर्षी तिनं हे टायमिंग दिलंय.”

मालक म्हणाले, व्हय की.

“सहा महिने गेले तर जाऊ द्यात. तारीख दुरुस्त करून घ्या. चौदाच्या आतल्या गटात अजून दोन वर्षं पळेल ती. रेकॉर्ड करील रेकॉर्ड.”

आणि माझा नवरा हसला. दिवसभरात पहिल्यांदा. मग दोघं तहसीलात कुणाची ओळख काढायची, प्रतिज्ञापत्र कुठं करायचं, ते ठरवायला लागले. आबा पण फेटा सावरत त्यांच्यात गेले. माझ्या ज्या गुन्ह्यापायी मी सात वर्षं मूग गिळून बसले होते, त्याबद्दल कुणी मला एक शब्द बोललं न्हाई. त्यांना तर लॉटरी लागली होती.

थोड्या वेळानं मालक वडापाव घेऊन आत आले. पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हणाले, “अगं, तू तर अजून लहान हैस. आता लई वेळ हाय आपल्याकडं.” तिनं वडापाव हातात घेतला आणि तसाच बाकावर ठेवून दिला.

ते गेल्यावर ती माझ्याकडं वळली. रडत न्हवती. तिनं डावा हात पुढं केला, पायरीवर बसून महिने मोजले होते तोच, आणि बोटं उघडून विचारलं, “आई, मग आता किती जून मोजायचे?”