गुंतवळीची मेंढरं

सुनयनाला किळस लवकर येते, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. हॉटेलातला चमचा ती आधी कागदाने पुसून घेई, लिफ्टचं बटण कोपराने दाबी. चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच प्याल्याला तोंड लावायची जुनी पद्धत मंडळीत बंद होऊन प्रत्येकाला वेगळा इवलासा पेला मिळू लागला, त्यामागे तिचंच चिकाटीचं राजकारण होतं. तिचा नवरा विश्वजित म्हणे, ही स्वर्गात गेली तरी आधी तिथल्या फरशीवरून बोट फिरवून बघेल.

अशा बाईकडे यंदा नाताळचा गोठा आला होता.

नेरूळच्या त्या चर्चमध्ये सकाळी मल्याळी उपासना होई, दुपारी तमिळ, आणि उरलंसुरलं ऊन मराठी मंडळीच्या वाट्याला येई. आपलं म्हणावं असं मराठी मंडळीकडे तिथे एकच होतं, वेदीशेजारी डिसेंबरात उभा राहणारा येशूजन्माचा गोठा. मल्याळी लोकसुद्धा तो बघायला थांबत, त्यामुळे तो बघण्यासारखा असणं भागच होतं. आजवरच्या गोठ्यांत पेंढ्यातून झुरळं निघाली होती, एकदा तर उंदराचं अख्खं कुटुंब पाळण्यात सापडलं होतं. सुनयनाने मनाशी ठरवलं होतं, या वर्षीच्या गोठ्याला लोक स्वच्छ म्हणतील आणि पुढे तिचं नाव घेतील.

त्याच सुमारास वाईहून सासू-सासरे महिनाभर राहायला आले. गोठ्याचं कळताच दोघांचे हात शिवशिवायला लागले. सासरे सयाजीअण्णा निवृत्त झाल्यापासून हौसेने सुतारकाम करत. त्यांनी वाशीच्या भाजीबाजारातून टोमॅटोच्या रिकाम्या पेट्या उचलून आणल्या आणि बियांसकट दिवाणखान्यात ठोकायला घेतल्या. सासूबाई प्रेमलाबाई म्हणाल्या, मेंढरं माझ्याकडे. त्यांनी एक फुगलेला उशीचा अभ्रा बरोबर आणला होता. त्यात कापूस असेल, असं सुनयना धरून चालली. काही दिवसांत गॅलरीतल्या दोरीवर मुलीच्या, अबोलीच्या, शाळेच्या मोज्यांशेजारी कसलेसे पांढरे झुबके वाळताना दिसू लागले. घरभर खोबरेल आणि शिकेकाईचा वास. वरणात एक लांब पांढरा केस निघाला, तेव्हा तिने वरण ओतून टाकलं आणि वय झालंय म्हणून सोडून दिलं.

मग एका सकाळी ती न्हाणीघराशी गेली, तर दार उघडंच. प्रेमलाबाई पाटावर बसून मोरीची जाळी उचलून बाजूला ठेवत होत्या. हेअरपिनने त्यांनी आतून एक ओला, काळा, बुळबुळीत गुंता ओढून काढला आणि उजेडात धरून बघितला.

"आई, काय करताय?"

"कळपात एक तरी काळं मेंढरू हवं गं. माझे काळे केस राहिलेत कुठे आता?"

सुनयना गॅलरीत गेली. तारेच्या सांगाड्यांवर गव्हाच्या खळीने चिकटवलेले झुबके तिने पहिल्यांदा नीट पाहिले. कुरळे, मऊ, चंदेरी. मग तिने जाऊन पुन्हा दात घासले.

जुन्या बायका विंचरताना गळलेले केस टाकत नसत, गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवत आणि भांडीवाली आली की त्या गुंतवळीवर वाटी-चमचा घेत, हे तिला ऐकून माहीत होतं. प्रेमलाबाईंनी वाटी-चमचे सोडून मेंढरं केली होती, एवढाच फरक. विश्वजितने सांगितलं, वाईला दरवर्षी गोठ्यात हीच मेंढरं असायची, आम्ही लहानपणी एकेकाला नाव द्यायचो. त्याच्या आवाजात जिव्हाळा होता, आणि सुनयनाला त्या जिव्हाळ्याचीच जास्त किळस आली. प्रेमलाबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांचा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेला होता, आणि किळस हा त्यांच्या लेखी भरल्या पोटी होणारा आजार होता.

तिने वाशीहून कापसाची तयार मेंढरं आणली. प्लास्टिकचे डोळे, सगळ्यांचे चेहरे सारखे, स्वच्छतेबद्दल शंकाच नको. पण ती घेऊन चर्चमध्ये पोचेपर्यंत सयाजीअण्णांनी गुंतवळीचा अख्खा कळप फळीवर खिळ्यांनी पक्का करून टाकला होता. ते म्हणाले, आता भूकंप झाला तरी हलायचा नाही. भूकंप होईल का, याचा सुनयनाने क्षणभर मनापासून विचार केला. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मग एकच ठरवलं. कोणाला कळू द्यायचं नाही.

रविवारी गोठा उघडा केला. वाईट गोष्ट अशी की, तो खरोखरच देखणा होता. मुलं मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवत होती, एका तान्ह्याने कोकराचा कान तोंडात घेतला आणि त्याच्या आईने कौतुकाने फोटो काढला. सुनयना गिळायचं विसरून उभी होती. पाळकांच्या पत्नी नमिताबाईंनी तर वाकून काळ्या मेंढराला गाल लावला.

"काय मऊ आहे हो. लोकर कुठली?"

प्रश्न माईकजवळ विचारला गेला होता, सगळ्या बाकांवर पोचला होता.

"काश्मीरची," सुनयना म्हणाली. "मुद्दाम मागवली."

दुसऱ्या बाकावर प्रेमलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"लोकर नाही ती, बाई. केस आहेत. पांढरे सगळे माझे. तुम्ही गाल लावलात ते तेवढं सूनबाईचं."

नमिताबाईंनी साडीच्या पदराने गाल हळूहळू पुसला. आपली किळस कोणाला तरी कळतेय, असं सुनयनाला त्या मंडळीत पहिल्यांदाच वाटलं.

ते टिकलं नाही, कारण चंद्रशेखर पाळक उठले. वीज गेली तरी त्यावर उपदेश करू शकणारा माणूस तो, त्याच्या हाती तर केस लागले होते. शास्त्रात केसांबद्दल केवढं आहे, हे त्यांनी केसांत बळ असलेल्या शमशोनापासून सुरू करून सांगितलं. येशूचे पाय केसांनी पुसणाऱ्या बाईपर्यंत आले तोवर पुढच्या बाकावरच्या बायका डोळे टिपत होत्या. आणि ही सून बघा, ते म्हणाले, सासूचं अर्पण या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणून काश्मीरचं नाव सांगते, याला म्हणतात नम्रता. टाळ्या पडल्या. वेदीसमोर मारलेल्या थापेचं एवढं चांगभलं झालेलं सुनयनाने पाहिलं नव्हतं. आता तिला स्वतःचीच शिसारी आली. ती घासून जाणारी नव्हती. तेवढ्या गर्दीत एकट्या प्रेमलाबाईंचे हात मांडीवर होते.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर बायकांनी सुनयनाला गाठलं. प्रत्येकीच्या हातात कॅरीबॅग. ईस्टरला मोठा कळप होऊन जाऊ दे, आमचाही वाटा घ्या. कोणी कंगव्यातले आणले होते, कोणी सासूचे, एकीने पार्लरमधून झाडून आणले होते. सगळ्यात मोठी पिशवी नमिताबाईंची, मेंदी लावलेल्या तांबड्या केसांची, आत कंगव्याचे दोन तुटके दातही होते. सुनयनाने सगळ्या पिशव्या दोन बोटांत धरल्या आणि आभार मानले. दुसरं काय करणार? ती नम्र होती.

दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्रेमलाबाईंनी पिशव्या मांडल्या. सुनयना नॅपकिन नाकाशी धरून समोर उभी राहिली.

"आई, मी हे फेकून देणार आहे."

"दे," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्या एक झुबका सोडवत राहिल्या. "किळस आली त्याचं मला काही नाही. किळस काय कोणी ठरवून करत नाही. पण काश्मीर कशाला काढलंस? माझी लाज वाटली का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ही बाई पुन्हा गुडघ्यावर हात टेकून उठेल, आणि या वेळी टाळ्या वाजवायला कोणी नसेल.

"वाटली," सुनयना म्हणाली.

प्रेमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत, खूश झाल्यासारख्याही नाहीत. मग त्यांनी नमिताबाईंची पिशवी तिच्याकडे सरकवली.

"हे तू घे. तांबडं मेंढरू कोणी पाहिलंय? पण नाही केलं तर बाईंना वाईट वाटेल."

सुनयनाने नॅपकिन खुर्चीच्या पाठीवर टाकला, खुर्ची ओढली आणि पिशवीत हात घातला. आत तेलकट, कोमट, परक्या उशीचा वास. तोंडात जमलेली लाळ तिने गिळली आणि गुंत्याचं टोक शोधू लागली.