कडेचे दगड

जऊळक्याहून गावाकडे येणाऱ्या डांबरी रस्त्यावर मळणीनंतर अर्ध्या रुंदीपर्यंत सोयाबीन वाळत पडे, आणि गाड्या त्यावर चढू नयेत म्हणून कडेने डोक्याएवढे दगड ओळीने मांडलेले असत. वैष्णवीच्या घरचं सोयाबीन वळणावर होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते राखायचं काम तिच्याकडे आलं. तासातासाने अनवाणी पायांनी दाणे उलटवायचे आणि पुन्हा बसून राहायचं. दिवसभरात तिच्याशी कोणी चार शब्द बोलत नसे.

दुपारी चारला गावातल्या दौलतरावांचा मुलगा प्रज्वल पुण्याहून आणलेली पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन जायचा. जवळच्या पुलाच्या कठड्यावर बसलेल्या पोरांना दाखवायला तो नेमका वळणावर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलायचा, पोरं शिट्ट्या मारायची, आणि वैष्णवीच्या अंगावर धूळ बसेपर्यंत गाडी दिसेनाशी झालेली असायची. त्याने एकदाही मान वळवली नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिने दगड दोन हात रस्त्यात सरकवले आणि दाणे तिथवर पसरले. इथे तरी त्याला गाडी हळू करावी लागेल, आपण दिसू, एवढंच तिच्या मनात होतं.

त्या दुपारी ब्रेक करकचले, चाकं दाण्यांवरून घसरली, आणि गाडी गोल फिरून नाल्यात कलंडली.

प्रज्वल वाचला. चूक आपलीच होती, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. दगडांबद्दल कोणी विचारलं नाही. पुढे सरकवलेले दगड त्याने पाहिले असतील का, हा प्रश्न घेऊनच वैष्णवी तिसऱ्या दिवशी आईबरोबर त्याच्या घरी गेली.

त्याच्या हाताला प्लास्टर होतं. "काकू, पुन्यात दीडशेनं चालवली, काही झालं नाही. अन् इथं तुमच्या सोयाबीननं पाडलं," तो म्हणाला. आई कसनुसं हसली आणि चहा करायला निघालेल्या त्याच्या आईमागे आत गेली.

आता सांगून टाकावं म्हणून वैष्णवीने मान वर केली.

"दादा, ते दगडं..."

"मले मालूम हाय," तो हळूच म्हणाला. "तू तं बसून होती. पन तुयासंगची ते पोरगी, गाडी येऊन राह्यली तरी दगडं पुढंच लोटत होती. तिच्यासाठीच म्या ब्रेक मारला. तिले लागलं तं नाही ना?"

वळणावर त्या दुपारी वैष्णवीशिवाय कोणीही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दाणे मागे ओढले, दगड पहिल्या जागी नेले. चार वाजले. पुलावर पोरं नव्हती, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी नजर पोचेल तिथवर रिकामा होता. बाभळीची सावली एका माणसापुरतीच पडली होती. वैष्णवी तिच्यात जाऊन बसली, आणि जरा वेळाने बाजूला सरकून तिने अर्धी सावली मोकळी करून दिली.